स्टेअरिंगखालचा स्विच

मंडळी, पूर्वी रात्रीच्या वाटेला बैलगाडी निघाली की गाडीखाली कंदील टांगलेला असे. तो हलता उजेड पाहून समोरच्याला कळे की गाडी येते आहे. वळायचे झाले तर गाडीवान ओरडून सांगे. बैल सावकाश चालत. ऐकायला आणि सावरायला दोघांनाही वेळ मिळे.

आता आपल्या बीड जिल्ह्यात गावोगावी पिकअप गाड्या झाल्या आहेत. आष्टीकडे पहाटेच दुधाचे कॅन भरून गाडी निघते. बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळे रात्रीतून बाजाराला जातात. ऊसतोडीचे दिवस आले की संसाराचे सामान याच गाड्यांवर चढते. गाडी वेगाने धावते. काच वर केलेली असते, इंजिनाचा आवाज असतो. तिथे ओरडून काय उपयोग?

म्हणून गाडी दिव्यांनी बोलते. उजव्या बाजूचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला, तर त्याचा अर्थ, 'मी उजवीकडे वळतो आहे.' समोरच्या गाडीने मोठा दिवा खाली केला, तर अर्थ, 'तुमचे डोळे दिपू नयेत म्हणून मी उजेड कमी केला.' हॉर्न वाजला, तर अर्थ, 'सावध रहा.'

हे सगळे बोलणे एका जागेवरून चालते. स्टेअरिंगच्या चाकामागे दोन दांड्या असतात. त्या दांड्या ज्या स्विचला जोडलेल्या असतात त्याला कॉम्बिनेशन स्विच म्हणतात. कोणी त्याला कॉम्बी स्विच म्हणते, कोणी नुसते इंडिकेटरचा स्विच म्हणते. वस्तू तळहाताएवढी, पण ती बिघडली की गाडी मुकी होते. कधी कधी तर गाडी खोटे बोलू लागते. हा स्विच कसा चालतो, का बिघडतो आणि तो बदलताना काय काळजी घ्यायची, ते आज पाहू.

स्विचच्या आत काय असते?

घरातला दिवा लावायला आपण बटण दाबतो. बटणाच्या आत धातूच्या दोन पट्ट्या असतात. त्या एकमेकींना टेकल्या की वीज वाहते, दूर झाल्या की थांबते. कॉम्बिनेशन स्विच म्हणजे अशी अनेक बटणे एका डबीत बसवलेली. एका दांडीवर दिवे आणि इंडिकेटर, दुसऱ्या दांडीवर काच पुसायचा वायपर. कोणती दांडी कोणत्या हाताला, हे गाडीप्रमाणे बदलते.

आणखी एक गंमत आहे. आपण वळतो, वळण संपते, स्टेअरिंग सरळ होते, आणि इंडिकेटरची दांडी आपोआप मधे येते. हे काम स्विचमधला प्लॅस्टिकचा एक लहानसा दात करतो. स्टेअरिंग मागे फिरले की त्या दाताला धक्का बसतो आणि दांडी सुटते. हा दात झिजला किंवा तुटला, की वळण संपले तरी दिवा चालूच राहतो.

यात काय बिघडले, असे कोणी म्हणेल. मागच्या मोटारसायकलवाल्याचा विचार करा. पिकअप डावीकडे वळणार असे समजून तो उजवीकडून पुढे जाऊ पाहतो. पिकअप मात्र वळत नाही. तिच्यापुढे खड्डा येतो, ती उजवीकडे सरकते, आणि मोटारसायकल खाली जाते. दिव्याने खोटे सांगितले, आणि जीव मात्र खऱ्या माणसाचा गेला.

दुसरा धोका मोठ्या दिव्याचा. धारूरचा घाट अरुंद आहे, वळणांचा आहे. रात्री समोरून गाडी आली म्हणून ड्रायव्हरने दिवा खाली केला, आणि स्विचच्या पट्ट्या जळालेल्या असल्यामुळे दोन्ही दिवे एकदम गेले, तर? ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात १६ ते १७ मीटर जाते. दिवे परत येईपर्यंत तीन सेकंद गेले, तर गाडी ५० मीटर आंधळी चालली. घाटात ५० मीटर म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

स्विच का बिघडतो?

पहिले कारण झीज. दूधवाल्याची गाडी रोज वीस ठिकाणी थांबते आणि वळते. दांडी दिवसातून शंभर वेळा हलते.

दुसरे कारण धूळ. आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांची बारीक माती पट्ट्यांच्या मधे जाऊन बसते. पट्ट्या नीट टेकत नाहीत. तिथे ठिणगी पडते आणि पट्टी काळी होते.

तिसरे कारण आपण स्वतः ओढवून घेतो. ते म्हणजे जास्त ताकदीचे बल्ब. इथे थोडी आकडेमोड करू.

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. मोठ्या दिव्याचा नेहमीचा बल्ब ६० वॅटचा. वॅटला व्होल्टने भागले की विजेचा प्रवाह किती अँपिअर ते निघते. ६० भागिले १२ म्हणजे ५ अँपिअर. दिवे दोन, म्हणून एकूण १० अँपिअर.

आता एखादा भाऊ बाजारातून १०० वॅटचे बल्ब आणतो. १०० भागिले १२ म्हणजे ८ अँपिअरच्या वर. दोन दिव्यांचे झाले १६ ते १७ अँपिअर. अनेक जुन्या गाड्यांत हा सगळा प्रवाह त्या लहान स्विचमधूनच जातो. दहाचा भार सोसणाऱ्यावर सतराचा भार पडला. मग स्विच तापतो, प्लॅस्टिक वितळते, जळका वास येतो. शिवाय असा झगझगीत उजेड समोरच्याला आंधळा करतो. नियमातही तो बसत नाही.

मोठा हॉर्न किंवा जादा दिवे लावायचेच असतील, तर ते नियमात बसतात की नाही हे आधी पाहावे. बसत असतील, तर मधे रिले आणि वेगळा फ्यूज लागतो. रिले म्हणजे काय? तुमच्या विहिरीवरचा स्टार्टर आठवा. तुम्ही बोटाने बटण दाबता, पण मोटारीची सगळी वीज काही त्या बटणातून जात नाही. बटणामुळे पेटीतली कॉइल ओढली जाते आणि जाड पट्ट्या टेकतात. मोटारीचा भार त्या पट्ट्या घेतात. गाडीतला रिले म्हणजे असाच धाकटा स्टार्टर. तो असला की स्विचवर भार पडत नाही.

आधी रोग ओळखा

ताप आला की लगेच पोटाचे ऑपरेशन करत नाहीत. तसेच इंडिकेटर लागला नाही म्हणून लगेच स्विच बदलू नये. आधी स्वस्त आणि सोप्या गोष्टी तपासाव्यात. क्रम असा ठेवा.

१. बल्ब पाहा. बहुतेक गाड्यांत एका बाजूचा एक बल्ब गेला की त्या बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर उघडझाप करतो. नीट चालणारा इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करतो. घड्याळ लावून मोजता येते.

२. फ्यूज पाहा. फ्यूजमधली बारीक तार तुटलेली असेल तर ती डोळ्यांना दिसते.

३. अर्थिंग पाहा. दिव्याची एक वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. तिथे गंज चढला की दिवा मंद होतो.

४. कपलर पाहा. वायरींची जी जोडणी असते तिला कपलर म्हणतात. ती ढिली झाली किंवा काळी पडली तरी दिवा जातो.

५. एवढे सगळे ठीक असेल, तर स्विचकडे वळा. दांडी थोडी वरखाली हलवली की दिवा येतो-जातो, दांडीजवळ जळका वास येतो, दांडी जागेवर राहत नाही, ही स्विच खराब झाल्याची लक्षणे आहेत. चारही इंडिकेटर एकदम लावायचे जे बटण असते ते दाबून पाहा. त्याने चारही दिवे नीट लागले, पण दांडीने लागले नाहीत, तर बल्ब चांगले आहेत. इंडिकेटरचा फ्यूज वेगळा असेल तर तो पुन्हा एकदा बघा. तोही चांगला असेल, तर दोष बहुतेक स्विचमध्ये आहे.

जुगाड का नको?

आमच्या भागात एकाने स्विच बदलण्याऐवजी बॅटरीवरून सरळ वायर आणली. घरच्या पंख्याचे एक बटण डॅशबोर्डवर ठोकले आणि दिवे त्याच्यावर घेतले. मी म्हणालो, "अरे बाबा, मधे फ्यूज कुठं आहे?"

तो म्हणाला, "गुरुजी, दिवे लागतात ना? मग झालं की!"

दोन महिने दिवे लागले. नंतर पत्र्याला घासून वायरीवरचे रबर फाटले. डॅशबोर्डखालून धूर निघाला. दिवसाची वेळ होती, गाडी उभी होती, म्हणून निभावले. गाडीत कडबा भरलेला असता तर काय झाले असते, याचा विचार करा.

बारा व्होल्टच्या बॅटरीचा हाताला झटका बसत नाही. त्यामुळे लोक तिला भीत नाहीत. पण बॅटरीतून एकदम मोठा प्रवाह वाहू शकतो. वायर पत्र्याला टेकली की ती क्षणात लाल होते. तो प्रवाह तोडायला फ्यूज असतो. फ्यूज जळतो आणि गाडी वाचते.

म्हणून फ्यूजच्या जागी तार घालू नये. डीपीवर जाड तार टाकली की काय होते, ते आपण पाहिले आहे. फ्यूज उडत नाही, मग मोटार जळते. गाडीचेही तसेच. जेवढ्या आकड्याचा फ्यूज उडाला, तेवढ्याच आकड्याचा नवा घालावा. आकडा वाचता आला नाही तर रंग पाहावा. पात्याच्या फ्यूजमध्ये १० चा रंग लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा असतो.

स्विच कसा बदलतात?

हे काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे. कारण इथे विजेबरोबर स्टेअरिंगलाही हात लागतो. पण काम कसे होते हे मालकाला माहीत असावे. माहीत असले की शेजारी उभे राहून पाहता येते, विचारता येते.

स्टेअरिंगच्या मधोमध एअरबॅग असेल, तर गावात अजिबात खोलू नये. एअरबॅग म्हणजे अपघातात झटकन फुगणारी पिशवी. चुकीचा हात लागला तर ती तोंडावर फुटते. अशा गाडीत स्टेअरिंगखाली गुंडाळलेली एक नाजूक पट्टीही असते. ती जास्त फिरली तर तुटते. ही गाडी ते काम शिकलेल्या कारागिराकडेच न्यावी.

एअरबॅग नसलेल्या गाडीत कामाची रीत साधारण अशी असते.

गाडी सपाट जागी उभी करावी. हँडब्रेक ओढावा, चाकामागे दगड लावावा. पुढची चाके सरळ ठेवावीत. चावी बंद करून काढून घ्यावी.

मग बॅटरीची वायर सोडवावी. आधी वजा खुणेची, म्हणजे निगेटिव्ह. याला कारण आहे. गाडीचा सगळा पत्रा वजा बाजूला जोडलेला असतो. अधिक खुणेची वायर आधी सोडवताना पाना पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी पडते. वजा आधी सोडवली की ती भीती राहत नाही. परत जोडताना वजा सर्वांत शेवटी.

काही गाड्यांत खालचे झाकण काढले की स्विच बाहेर येतो. पण पुष्कळ गाड्यांत स्टेअरिंगचे चाक काढावे लागते. हॉर्नचे झाकण काढले की मधोमध मोठा नट दिसतो. चाक आणि दांडा यांच्यावर मिळून एक खूण करून ठेवावी. परत बसवताना ती खूण जुळली पाहिजे. नाही जुळली तर गाडी सरळ जाते आणि स्टेअरिंग तिरके दिसते. इंडिकेटरची दांडीही वेळेवर सुटत नाही.

नट ढिला करावा, पण पूर्ण काढू नये. दोन-तीन आटे राहू द्यावेत. चाक घट्ट बसलेले असते. ते एकदम सुटले तर ओढणाऱ्याच्या तोंडावर येते. नट शिल्लक असला की चाक तिथेच अडते. दांड्यावर हातोडा मारू नये, त्याने आतले बेअरिंग बिघडते. चाक निघत नसेल तर पुलर नावाचे हत्यार वापरावे.

नंतर प्लॅस्टिकचे झाकण काढावे. वायरी सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. कपलरला लहान खटका असतो. तो दाबून कपलर काढावा. वायर धरून ओढू नये. कपलर आतून जळालेला असेल तर नुसता स्विच बदलून भागत नाही. जळक्या कपलरमध्ये नवा स्विच खुपसला, तर तोही थोड्याच दिवसांत जळतो.

जुना आणि नवा स्विच शेजारी ठेवून पाहावा. पिना तेवढ्याच आहेत का? स्क्रूची भोके जुळतात का? जुळले तरच बसवावा. ओढूनताणून बसवू नये.

शेवटी चाक खुणेवर बसवून मोठा नट कसावा. हा नट सगळ्यांत महत्त्वाचा. तो ढिला राहिला तर चालत्या गाडीत चाक हातात येईल. किती जोराने कसायचा याचा आकडा कंपनीने ठरवलेला असतो. जोर मोजणारा पाना असतो, त्याला टॉर्क पाना म्हणतात. कारागिराला विचारा, "भाऊ, नट टॉर्क पान्यानं कसला का?" असे विचारण्यात लाज वाटू देऊ नये.

काम झाल्यावर

पैसे देण्याआधी गाडी तपासून घ्या. एकाने आत बसावे, एकाने गाडीभोवती फिरावे. डावा इंडिकेटर, पुढचा आणि मागचा. उजवा इंडिकेटर, पुढचा आणि मागचा. मोठा दिवा वर, मोठा दिवा खाली. वायपर. हॉर्न. मग गाडी मोकळ्या जागेत सावकाश वळवून पाहा. वळण संपल्यावर दांडी आपोआप मधे येते का? स्टेअरिंग कुठे घासत तर नाही? रात्री पुन्हा एकदा दिवे पाहा.

दुकानात गेल्यावरही आता तुम्ही वाचू शकता, त्याचा उपयोग करा. पाकिटावर किंमत छापलेली असते, ती वाचा. जुन्या स्विचवर नंबर असेल तर तो नव्या नंबराशी ताडून पाहा. पक्के बिल घ्या. जुना स्विच परत मागा. ज्याने खरेच स्विच बदलला आहे, तो जुना आनंदाने देतो.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी काय करावे?

पुष्कळ जण म्हणतील, आमच्या दारात गाडी नाही, आम्हाला हे कशाला? पण माल तर आपलाच असतो. आणि रस्त्याच्या कडेने चालणारी पोरेही आपलीच असतात.

भाड्याने गाडी ठरवताना आपण भाव विचारतो. तसेच "भाऊ, एकदा दिवे लावून दाखव," असेही म्हणावे. दोन मिनिटांचे काम आहे. ऊसतोडीला जाणारी मंडळी रात्रीच मजल मारतात. त्यांनी तर हे नक्की पाहावे. आणि एक गोष्ट आठवणीने सांगतो. पिकअपचा मागचा भाग मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. दिवे कितीही चांगले असले तरी बायकापोरांना मागे बसवू नये.

वाटेत इंडिकेटर बंद पडला तर दिवसा हाताने खूण करता येते. उजवीकडे वळायचे असेल तर उजवा हात सरळ बाहेर धरावा. मोटारींना उघडझाप करणारे दिवे आले त्याआधी जगभर ड्रायव्हर हाताच्या खुणा करीत. अमेरिकेतल्या ब्यूक गाडीला १९३९ साली कंपनीनेच असे दिवे बसवून दिले. पुढे ते सगळीकडे पसरले, कारण रात्री हात दिसत नाही. म्हणून दिवे बंद असताना रात्री गाडी पुढे नेऊ नये. सीताफळे एक दिवस उशिरा पोचली तर भाव थोडा पडेल. तेवढे नुकसान सोसता येते.

ध्यानात ठेवा

बल्ब, फ्यूज, अर्थिंग, कपलर आणि मग स्विच, या क्रमाने तपासा.
बॅटरीची वजा वायर आधी सोडवा, शेवटी जोडा.
फ्यूजच्या जागी तार घालू नका. रिलेशिवाय जादा भार लावू नका.
एअरबॅगच्या गाडीला घरी हात लावू नका.
स्टेअरिंगचा मोठा नट कसल्याची खात्री करून घ्या.

करून पाहा

आपल्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीपाशी जा. फ्यूजच्या पेटीचे झाकण उघडा. आतले आकडे इंग्रजी असतात. ते वाचा आणि वहीत मराठी आकड्यांत लिहा. इंडिकेटर लावून एका मिनिटात तो किती वेळा लागतो ते मोजा. डाव्या आणि उजव्या बाजूचा आकडा वेगवेगळा आला, तर गाडीवाल्याला आजच सांगा.